पेशीसंवर्धनाचीं साधनें आणि आपला गोठा

शेतकऱ्याच्या मालास गिऱ्हाईक कोठें कोठें असतें, याची गणना करावयास बसलें तर धान्याचा आडत्या, दुधाचा संघ, साखरेचा कारखाना, कातड्याचा व्यापारी अशीं नांवें कोणीहि सांगेल. परंतु या यादींत एका गिऱ्हाइकाचें नांव सहसा येत नाहीं. तें म्हणजे जिवंत पेशींवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळा व त्यांस लागणारीं साधनें पुरविणाऱ्या कंपन्या. या कंपन्या बाटल्यांतून जो माल विकतात, त्यांतील एक अत्यंत महत्त्वाचा भाग गुरांच्या कळपांतून येतो. आणि त्याच मालाच्या बळावर तयार झालेली लस पुन्हां गुरांच्या कळपाकडे जाते. हा व्यवहार कसा चालतो, त्यांत किंमत कशाची मिळते आणि आमच्या गोठ्याशीं त्याचा संबंध काय, हें आपल्या सभासद-वाचकांस ठाऊक असणें अगत्याचें आहे.

काचेच्या भांड्यांतील वाढ

प्राण्याचें शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचें बनलेलें असतें, हें आतां शाळेंतील मुलांसहि माहीत आहे. प्रत्येक पेशी अन्न घेते, वाढते आणि दुभंगून एकीच्या दोन होतात. अशी पेशी शरीरांतून काढून काचेच्या भांड्यांत जिवंत ठेवतां येईल काय, या प्रश्नाचें पहिलें खात्रीलायक उत्तर १९०७ सालीं अमेरिकेंत रॉस हॅरिसन या शास्त्रज्ञानें दिलें. बेडकाच्या गर्भांतील मज्जेचा कण शरीरांतील रसाच्या गोठलेल्या थेंबांत ठेवून त्यांतून तंतु वाढत असल्याचें त्यानें सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिलें. पुढें १९१२ पासून न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेंत अलेक्सिस कॅरेल यांनीं कोंबडीच्या गर्भाच्या हृदयांतील पेशी वाढविण्याचे प्रयोग केले व या विद्येकडे जगाचें लक्ष वेधलें.

तथापि त्यानंतर कित्येक वर्षें ही विद्या थोड्याच हातांत राहिली. कारण पेशींस लागणारें अन्न प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या घरीं आपल्या पद्धतीनें तयार करी. एकीनें रक्तांतील पाणी वापरावें, दुसरीनें गर्भाचा अर्क वापरावा. त्यामुळें एकीचा अनुभव दुसरीस पडताळून पाहणें कठीण जाई. ही अडचण बऱ्याच अंशीं हॅरी ईगल यांनीं दूर केली. कोणकोणतीं द्रव्यें नसल्यास पेशी जगत नाहींत हें त्यांनीं एकेक द्रव्य वगळून तपासलें, आणि १९५५ ते १९५९ या काळांत प्रथिनांचे घटक, जीवनसत्त्वें, क्षार व साखर यांचीं नेमकीं मापें प्रसिद्ध केलीं. नत्र, स्फुरद व पालाश यांचे निरनिराळे वाफे करून पिकाची गरज ठरवावी, त्यांतलाच हा प्रकार होय.

परंतु एवढ्यानें सर्व काम भागलें नाहीं. नुसत्या वैरणीवर गाय जगते, पण भरपूर दूध द्यावयाचें तर तिला आंबोण लागतें. तद्वत् क्षार, साखर इत्यादिकांवर पेशी तग धरीत, पण जोमानें वाढण्यास त्यांस सीरम लागे. रक्त गोठल्यावर गाठीपासून जें पिवळसर पाणी सुटतें, त्यास सीरम म्हणतात. मोठ्या जनावराच्या सीरममध्यें रोगप्रतिकारक द्रव्यें पुष्कळ असतात व तीं प्रयोगास आड येतात. गाईच्या पोटांतील गर्भाच्या सीरममध्यें तीं अत्यल्प असून वाढीस चेतना देणारीं द्रव्यें मात्र विपुल असतात. थिओडोर पक व त्यांचे सहकारी यांनीं १९५८ सालीं या गर्भसीरमचा उपयोग दाखवून दिला. तेव्हांपासून पोषक द्रवांत शेंकडा पांच ते वीस भाग, बहुधा दहा भाग, गर्भसीरम घालण्याची पद्धति सर्वत्र रूढ झाली.

साधनांचा व्यापार

मागणी अशी ठरीव झाली म्हणजे व्यापार उभा राहतो. नायगरा नदीच्या पात्रांत ग्रँड आयलंड नांवाचें बेट आहे. तेथें १९६२ सालीं 'ग्रँड आयलंड बायॉलॉजिकल कंपनी' निघाली. तिच्या आद्याक्षरांवरून 'गिब्को' हें नांव पडलें व तेंच पुढें जगभर प्रसिद्ध झालें. तयार पोषक द्रव, त्याची भुकटी, सीरम, भांड्यास चिकटलेल्या पेशी सोडविण्यास लागणारें ट्रिप्सिन इत्यादि माल अशा कंपन्यांकडून मिळूं लागला. यांतील ट्रिप्सिन डुकराच्या स्वादुपिंडांतून काढीत. म्हणजे तेंहि पशुपालकाच्याच अंगणांतून येणारें.

१९८३ मध्यें गिब्को व बेथेस्डा रिसर्च लॅबोरेटरीज या दोन कंपन्या एक होऊन 'लाइफ टेक्नॉलॉजीज' ही कंपनी झाली. २००० मध्यें ती 'इन्व्हिट्रोजेन'नें घेतली आणि पुढें २०१४ मध्यें हा सर्व कारभार 'थर्मो फिशर' या मोठ्या कंपनीकडे गेला. धनी अनेक झाले, परंतु बाटलीवरील 'गिब्को' हें नांव कोणी पुसलें नाहीं. याचें कारण उघड आहे. प्रयोगशाळेंतील मनुष्य बाटलीकडे पाहून आंतील माल ओळखूं शकत नाहीं. तो नांवावर विश्वास ठेवूनच किंमत मोजतो. बियाण्याची सीलबंद पिशवी घेतांना आपणहि दुसरें काय करतों?

बियाण्याचें जसें भांडार असतें, तसें पेशींचेंहि असतें. पुणें येथें गणेशखिंडीजवळ विद्यापीठाच्या आवारांत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. निरनिराळ्या प्राण्यांच्या व माणसांच्या पेशींचे वाण तेथें गोठवून जतन केलेले आहेत व देशांतील संशोधकांस ते तेथून पुरविले जातात. वाण चोख ठेवणें, दुसऱ्या वाणाची भेसळ होऊं न देणें आणि मागणाऱ्यास खात्रीचा माल देणें, हींच या भांडाराचीं कामें आहेत.

सीरम कसें मिळतें

गर्भसीरम मिळविण्याची रीति वाचकांस रुचेल अशी नाहीं. तरी ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ज्या देशांत मांसासाठीं गुरें मोठ्या प्रमाणावर मारतात, तेथें कत्तलखान्यांत आलेल्या कांहीं गाई गाभण निघतात. गाय मारल्यावर गर्भ बाहेर काढतात व त्याच्या हृदयांत सुई घालून रक्त घेतात. तीन महिन्यांच्या गर्भापासून सुमारें १५० मिलिलिटर, सहा महिन्यांच्यापासून सुमारें ३५० मिलिलिटर आणि पूर्ण दिवसांच्यापासून सुमारें ५५० मिलिलिटर कच्चें सीरम मिळतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत जगाचें वार्षिक उत्पादन सुमारें पांच लक्ष लिटर असावें असा अंदाज दिला आहे. म्हणजे त्यासाठीं दर वर्षीं दहा लक्षांहून अधिक गर्भ लागत असले पाहिजेत.

हें रक्त थंड जागीं गोठवून यंत्रानें गरगर फिरवितात व सीरम वेगळें करतात. मग अनेक गर्भांचें सीरम एकत्र करून अत्यंत बारीक छिद्रांच्या गाळणींतून गाळतात, त्यांत विषाणु वा अन्य जंतु आहेत काय हें तपासतात, आणि शून्याखालीं वीस अंशांवर गोठवून बाटल्या रवाना करतात.

आपल्या देशांत हा धंदा वाढण्यास कायद्याचीच आडकाठी आहे. २००१ सालच्या कत्तलखान्यांविषयींच्या केंद्रीय नियमांप्रमाणें गाभण जनावर मारण्यास मनाई आहे. आणि महाराष्ट्रांत तर २०१५ पासून गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीसहि बंदी आहे. ज्या शेतकऱ्यानें गाभण गाईस ओटी भरून गोठ्यांत आणली, त्यास हे नियम योग्यच वाटतील. परंतु त्याबरोबर हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, येथील प्रयोगशाळांस लागणारें गर्भसीरम बहुतांशीं परदेशांतून येतें. जें आपण आपल्या घरीं करीत नाहीं, तें दुसऱ्याच्या घरीं करविलेलें विकत घेतों, एवढाच फरक. म्हणून सीरमवांचून पेशी वाढविण्याचे जे प्रयत्न चालू आहेत, त्यांस आपल्या देशानें विशेष उत्तेजन द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. कित्येक औषधें करण्याच्या कामीं असे सीरमविरहित द्रव आजहि वापरांत आहेत. अर्थात् ही गोष्ट अशक्य कोटींतील नव्हे.

किंमत कशाची?

आतां शेतकऱ्यानें ज्यावर विचार करावा असा मुद्दा येतो. सर्व सीरम दिसावयास एकच. परंतु न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील सीरमला जी किंमत येते ती इतर पुष्कळ देशांतील सीरमला येत नाहीं. तेथील गाई कांहीं निराळ्या जातीच्या आहेत असें नव्हे. न्यूझीलंडमध्यें लाळ-खुरकुताचा रोग कधींच आलेला नाहीं. ऑस्ट्रेलियांत तो १८७२ नंतर झालेला नाहीं. १९८६ मध्यें इंग्लंडांत गुरांच्या मेंदूस पोखरणारा जो भयंकर रोग ओळखण्यांत आला, त्याचाहि त्या दोन देशांच्या कळपांत प्रादुर्भाव झाला नाहीं. लस करणाऱ्यास आपल्या मालांत रोगाचा कणहि नको असतो. म्हणून तो बाटलींतील पाण्याबरोबर त्या देशाच्या निरोगीपणाची किंमत मोजतो.

जेथें नांवाला किंमत येते, तेथें नांवाची चोरीहि होते. १९९४ च्या सुमारास न्यूझीलंडचें म्हणून जगांत सुमारें ३०,००० लिटर सीरम विकलें गेलें. पण त्या देशांत उत्तम प्रतीचें सीरम निघालें होतें सुमारें १५,००० लिटर. पुढें २०१३ मध्यें एका कंपनीच्या सीरमच्या १४३ खेपांत गुरांच्या रक्तांतील अन्य प्रथिन, पाणी व वाढ करणारीं द्रव्यें मिसळल्याचें उघडकीस आलें. ज्या संशोधकांनीं तो माल वापरला, त्यांचे कित्येक महिन्यांचे प्रयोग संशयांत सांपडले. दुधांत पाणी घालणाऱ्यास वाटतें कीं, आपण चार पैसे मिळविले. परंतु त्यानें सर्व गांवच्या दुधाची पत घालविलेली असते. देवगडचा म्हणून दुसऱ्याच ठिकाणचा आंबा पेटींत भरणाऱ्याचीहि तीच गोष्ट.

यावर उपाय दोन झाले. पहिला, जनावर कोठलें, कोठें कापलें, रक्त कोणी घेतलें, कोणत्या खेपेंत गेलें, याची अखंड लेखी नोंद. दुसरा, शास्त्रीय परीक्षा. जनावर ज्या मुलखांतील पाणी पितें व गवत खातें, त्याच्या सूक्ष्म खुणा त्याच्या रक्तांत उतरतात व त्यांवरून मूळ ठिकाण ताडतां येतें. मात्र दोहोंत पहिला उपाय मुख्य. नोंद ठेवणारा प्रामाणिक नसेल तर परीक्षेनें चोर सांपडेल, पण गेलेली पत परत येणार नाहीं.

गोठ्याकडे परत आलेलें फळ

या सर्व खटाटोपांतून शेतकऱ्यास काय मिळालें, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर बुळकांडीच्या इतिहासांत आहे. हा रोग गांवांत शिरला म्हणजे गोठेच्या गोठे ओस पडत व पेरणीच्या वेळीं औत ओढण्यास बैल उरत नसत. अशा रोगांचा अभ्यास करण्यासाठीं १८८९ सालीं पुणें येथें सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. १८९३ मध्यें ती हिमालयांतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली, व तीच आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचें मूळ होय. तेथें पुढें बकऱ्यांत वाढविलेल्या विषाणूपासून लस निघाली व तिनें पुष्कळ गुरें वांचविलीं. परंतु ती लस परदेशी व संकरित गुरांस फार कडक पडे.

ही उणीव पेशीसंवर्धनानें भरून काढली. केनियांत वॉल्टर प्लॉराइट व त्यांचे सहकारी यांनीं वांसराच्या मूत्रपिंडांतील पेशी काचेच्या भांड्यांत वाढविल्या. त्यांवर बुळकांडीचा विषाणु सुमारें नव्वद वेळां एका भांड्यांतून दुसऱ्यांत नेऊन त्यांनीं तो निवळ केला, आणि १९६० नंतरच्या थोड्याच वर्षांत त्याची लस सिद्ध झाली. ही लस सर्व जातींच्या गुरांस निर्धोक ठरली. एका टोंचणीनें जनावरास दीर्घकाळ संरक्षण मिळे. आपल्या देशांत बुळकांडी-निर्मूलनाचें काम १९५४ पासून चाललें होतें. शेवटचा रोगी १९९५ मध्यें आढळला. २००६ मध्यें देश रोगमुक्त मानला गेला. आणि २०११ मध्यें हा रोग पृथ्वीवरून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. माणसांतील देवीनंतर समूळ उखडलेला हा दुसराच रोग. आज तरुण शेतकऱ्यास बुळकांडी हें केवळ शिवीगाळींतील एक नांव म्हणून ठाऊक आहे, यांतच त्या विजयाचें माप आहे.

लाळ-खुरकुताची कथा मात्र अजून अपुरी आहे. १९४७ सालीं हॉलंडांत फ्रेंकेल यांनीं कापलेल्या गुरांच्या जिभेची त्वचा जिवंत ठेवून तींत हा विषाणु वाढविण्याची युक्ति काढली. पण लस हवी लाखों जनावरांस. तितक्या जिभा आणावयाच्या कोठून? १९६२ च्या सुमारास इंग्लंडांत असें दिसून आलें कीं, ग्लासगो येथें हॅम्स्टर नांवाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पिलांच्या मूत्रपिंडांतून जो पेशींचा वाण तयार करण्यांत आला होता, त्यांत हा विषाणु उत्तम वाढतो. आणि पोषक द्रवानें भरलेल्या टांकींत तरंगत ठेवूनहि त्या पेशी वाढवितां येतात. याच वाणावर आजची बहुतेक लस तयार होते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें हैदराबाद येथें काढलेली इंडियन इम्यूनॉलॉजिकल्स ही कंपनी ती आपल्या देशांत मोठ्या प्रमाणावर करते.

शेतकऱ्यानें काय करावें

लाळ-खुरकुतानें मोठें जनावर सहसा मरत नाहीं. म्हणून आपण त्याची हयगय करतों. पण दूध आटतें, गाभण जनावर गाभडतें, बैल ऐन हंगामांत खुरांनीं अधू होतो, आणि देशाच्या मालास परदेशच्या कित्येक बाजारांचीं दारें बंद राहतात. हा रोग हटविण्यासाठीं केंद्र सरकारनें सप्टेंबर २०१९ मध्यें १३,३४३ कोटी रुपयांची योजना सुरू केली व २०३० पर्यंत रोगाचें निर्मूलन करण्याचें उद्दिष्ट ठेविलें. एवढा पैसा, एवढी विद्या व एवढ्या प्रयोगशाळांचे श्रम शेवटीं एका ठिकाणीं येऊन थांबतात, आणि तें ठिकाण म्हणजे आपल्या गोठ्याचें दार होय.

तें दार आपण उघडें ठेवावें. वांसरास चौथ्या महिन्याच्या सुमारास पहिली टोंचणी, महिन्यानें दुसरी व पुढें दर सहा महिन्यांनीं एक, हा क्रम चुकवूं नये. टोंचल्यावर दोन-चार दिवस दूध थोडें उतरतें किंवा टोंचल्या जागीं गांठ येते, एवढ्यासाठीं जनावर रानांत हांकून देणारे कांहीं बंधु असतात. चार दिवसांच्या शेर-अर्ध्या शेर दुधासाठीं सबंध वेत धोक्यांत घालणें हा हिशेब बरोबर नव्हे. एकानें टाळलें तर त्याच्या गोठ्यांतील रोग सर्व पाणवठ्यावर जातो. गाभण व आजारी जनावराविषयीं मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ही लस २ ते ८ अंश उष्णमानांत राहिली पाहिजे. ती उन्हानें बिघडते तशी गोठल्यानेंहि बिघडते. म्हणून टोंचणारा आल्यावर लस बर्फाच्या पेटींत आहे कीं नाहीं, हें विचारण्यास संकोच करूं नये.

दुसरी गोष्ट कानांतील बिल्ल्याची. बारा आंकड्यांचा तो बिल्ला म्हणजे जनावराचा सातबारा होय. जनावर विकलें, आणलें, व्यालें, टोंचलें, कीं त्याची नोंद त्या आंकड्याखालीं झाली पाहिजे. कित्येकजण बाजारांत जनावर विकतांना बिल्ला काढून टाकतात. न्यूझीलंडच्या शेतकऱ्यास जी किंमत मिळते ती रोगमुक्त कळप आणि खरी नोंद या दोन पायांवर उभी आहे. सीरम विकणें आम्हांस नको. परंतु दूध, तूप, लोणी व उत्तम पैदाशीचीं जनावरें यांच्या बाजारांतहि हेच दोन पाय लागतात.

बुळकांडी गेली ती केवळ शास्त्रज्ञांच्या हुषारीनें नव्हे. लस टोंचणारा ज्या गांवीं गेला, त्या गांवच्या शेतकऱ्यांनीं आपलीं जनावरें बाहेर आणून बांधलीं, म्हणून ती गेली. आमच्या वडिलांनीं एवढें केलें. लाळ-खुरकुताच्या बाबतींत तेंच काम आतां आमच्या वांट्यास आलें आहे. आणि त्यास लागणारें साधन वर्षांतून दोनदां आपल्या दारीं चालत येत आहे.